पावणेदोन व्यक्ती पाणकणीस

माझ्या भाऊजींना आयुष्यभर एकच वाक्य नीट बोलता आलं. "हसू नका." बसथांब्यासमोर त्यांचा फोटोचा गाळा होता. ओळखपत्र, परवाना, परीक्षेचा अर्ज, असल्या कामांचे फोटो ते काढायचे आणि असल्या फोटोंत हसायची परवानगी नसते. दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द फुटायचा नाही, असं आमची आई म्हणायची. माझी ताई तिथे वाचनालयाच्या कार्डासाठी फोटो काढायला गेली आणि "हसू नका" ऐकून फिसकन हसली. त्यांनी दुसरा काढला, ती परत हसली. दुकान बंद व्हायची वेळ आली तरी हेच चाललेलं. शेवटी ताईला कार्डाचा फोटो मिळाला नाही, नवरा मिळाला. मी तिला म्हटलं, "अगं, या माणसाशी भांडायचं झालं तर दोघांच्या वाटचं तुलाच भांडावं लागेल." ती म्हणाली, "मग जिंकेनही मीच."

मी तिची धाकटी बहीण. त्यांच्या घरापासून एक गल्ली सोडून माझं शिवणकामाचं दुकान आहे. ताई मला छोटी म्हणायची, भाऊजीही तेच म्हणतात. खरं तर मी ताईपेक्षा दोन बोटं उंच, आणि ही गोष्ट मी तिला कधी विसरू दिली नाही.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि भाऊजींवर गाळ्यात बसून माश्या मारायची वेळ आली. गाळा गेला. भाऊजी घरात बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले, खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. ताईने आधी समजावलं, मग आदळआपट केली, आणि शेवटी स्वतःच जाऊन त्यांच्यासाठी काम शोधून आणलं. ते काम होतं चिखलाचे फोटो काढायचं.

चिखलाचं सांगायला हवं. आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला नदीकाठी मोठी पाणथळ जागा आहे. आमच्या लहानपणी तिथे पक्षी उतरायचे. मग तिथे इमारतींचा राडारोडा पडायला लागला, कचरा पडायला लागला, आणि हळूहळू ती जागा मैदानासारखी झाली. नदी फुगली की पाण्याला पसरायला जागा उरली नाही, म्हणून ते आमच्या गल्लीत येऊ लागलं. माझ्या दुकानात एकदा शिलाई मशीनच्या फळीपर्यंत पाणी होतं. मी खुर्चीवर उभी राहून गिऱ्हाइकांचे कपडे डोक्यावर धरले होते. लोकांच्या गाद्या, फ्रिज, भिंती भिजायच्या, आणि ज्यांनी विमा उतरवला होता ते विमा कंपनीच्या दारात उभे राहायचे. दर थोड्या वर्षांनी हे व्हायला लागलं तेव्हा कंपनीतल्या कुणा हुशार माणसाने आकडेमोड केली असावी. लोकांच्या गाद्या भरून देण्यापेक्षा ती दलदल परत जिवंत केलेली स्वस्त पडेल, असं त्याच्या लक्षात आलं. विमा कंपनी कुणाला फुकट पाण्याचा पेलाही देत नाही, आणि इथे ती चिखलाला पैसे द्यायला निघाली!

पैसे थेट येत नव्हते. मध्ये एक निधीचं कार्यालय होतं. त्यांनी जमीन दहा वर्षांच्या करारावर घेतली, राडारोडा उचलला, चर बुजवले, पाणी अडवलं, पाणकणीस लावलं. पाणकणीस म्हणजे ते उंच गवत, ज्याच्या टोकाला तपकिरी कणसासारखं काहीतरी येतं. ते वाढलं की समजायचं, पाणी मुरतंय, जागा जगतेय. पण कंपनीला समजून चालत नव्हतं, तिला दिसायला हवं होतं. म्हणून अट अशी की दर हंगामाला एकाच खुंटावरून, एकाच दिशेला, एक फोटो काढायचा आणि त्यात गवताच्या बाजूला उंची ठाऊक असलेली एक वस्तू हवी. फोटो आला की हप्ता सुटायचा. दहा वर्षांच्या फोटोंची माळ कुठेही न तुटता पूर्ण झाली, तर शेवटी मोठी रक्कम मिळणार होती आणि तिच्यातून या जागेचा पूर्वेचा तुकडा कायमचा विकत घेतला जाणार होता. माळ तुटली तर करार संपल्यावर तो तुकडा मालकाकडे परत. मालक राडारोड्याचे ट्रक चालवतो, त्याला सगळे भराववाला म्हणतात. तो त्या जागेचं काय करणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

वस्तू म्हणून कार्यालयाने लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक उंच काठी दिली होती. पहिल्याच वर्षीच्या पुरात, पहिला फोटो निघायच्या आधीच, ती वाहून गेली. भाऊजींनी दुसरी मागितली. वरून उत्तर आलं की काठी एकदा दिली आहे, खर्चाच्या त्या शीर्षाखाली पुन्हा तरतूद नाही. दुसरा कुणी असता तर त्याने सुताराकडून काठी करून घेतली असती. भाऊजींनी ताईला नेलं. तिला गवतापाशी उभं केलं, फोटो काढला आणि मापाच्या रकान्यात लिहिलं, "एक व्यक्ती, बायको, पाच फूट एक इंच." कार्यालयाने त्यातली बायको काढून टाकली आणि व्यक्ती तेवढी ठेवली. कुणीही हरकत घेतली नाही. कंपनीच्या चकचकीत अहवालात छापून आलं, "पाणकणसाची उंची: ०.४ व्यक्ती."

तेव्हापासून ती दलदल माझ्या बहिणीने मोजली गेली. पाऊण व्यक्ती झाली, एक व्यक्ती झाली, मग सव्वा. घरात आम्ही हसून बेजार. कपाट दीड ताई उंच, दुकानात आलेलं जुन्या पुराचं पाणी अर्धी ताई. ताई म्हणायची, "मी आता माणूस नाही राहिले बाई, माप झालेय. उद्या बाजारात मला तागडीत घालतील." पण जाताना नारिंगी जॅकेट इस्त्री करून घ्यायची. ते नारिंगी जॅकेट अटीत होतं, लांबून दिसावं म्हणून. तोंड गवताकडे आणि पाठ कॅमेऱ्याकडे, हेही अटीत होतं, कारण कंपनीला कुणाचं तोंड छापायचं नव्हतं.

खुंट म्हणजे जमिनीत सिमेंटने पक्का केलेला लोखंडी नळ, त्यावर कॅमेरा बसवायची पट्टी. कॅमेऱ्यातून बघायच्या काचेवर भाऊजींनी एक बारीक चिकटपट्टी लावून घेतली होती. ताईचा माथा त्या रेघेला लागला की चौकट बरोबर. नाही लागला की भाऊजी ओरडायचे, "ताठ उभी राहा." हे त्यांचं आयुष्यातलं दुसरं वाक्य. तिकडून पाठमोरी ताई ओरडायची, "उभी आहे हो! आता काय टाचा उचलू?" मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा हे ऐकलंय. आयुष्यभर जगाची तोंडं काढली आणि आता बायकोची पाठ काढतोय, असं मी त्यांना चिडवलं. ते म्हणाले, "पाठ हलत नाही." भाऊजींकडून याहून मोठं कौतुक ताईने अपेक्षिलंही नव्हतं.

ताई गेली, त्याला आता पुष्कळ दिवस झाले. हाडांचं दुखणं होतं, पाठीच्या मणक्यांत. ती एकदा पडली, इस्पितळात नेलं, तिथे डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, आणि नावाची सवय व्हायच्या आत ती गेलीसुद्धा. दारात लावायला तिचा फोटो हवा होता. फोटोवाल्याची बायको, पण अख्ख्या घरात तिचा तोंडाचा फोटो सापडेना. जो सापडला तो वाचनालयाच्या कार्डासाठी काढलेला, त्यातही हसताना हललेला. बाकी सगळ्या पाठी. नारिंगी पाठी, एकीपेक्षा दुसरीत गवत थोडं उंच.

मला रडू आलं नाही. सगळे आटोपून गेले, दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि एका शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी शिवत बसले. येणाऱ्या बायका माझ्याकडे बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. एक तर तोंडावर म्हणाली, "धीराची आहेस हो." धीर कसला! आत काही लागतच नव्हतं. दाताला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं माझं अख्ख्या अंगाचं झालं होतं. सुई बोटात गेली तरी आधी कापडावरचा डाग दिसायचा.

भाऊजींचंही तेच, पण त्यांचं कुणाला वेगळं वाटलं नाही, कारण ते आधीही असेच होते. ते परत त्या खुर्चीत बसले. मी रोज दुपारी दोन घास घेऊन जायची. ते जेवायचे, ताट मागच्या दारी नळाखाली धुवायचे आणि पाय चिखलाने भरवून आत यायचे. तिथल्या तीन फरश्या निघालेल्या होत्या. दोनेक वर्षांपूर्वी एक गेली, मग दुसरी, मग तिसरी. फुटल्या, असं ताई सांगायची, आणि भाऊजी गवंड्याला बोलावतो, बोलावतो म्हणत राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, आता तरी बोलवा." ते म्हणाले, "हो." आणि पायाचे चिखलाचे ठसे उमटवत खुर्चीत जाऊन बसले. मी ते पुसले. पुसताना मला काहीच वाटलं नाही.

अशातच निधीच्या कार्यालयातली मुलगी आली. ती पोर चांगली आहे, इस्पितळातही येऊन गेली होती. ती बराच वेळ पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "काका, कसं बोलू कळत नाही. शेवटचा फोटो राहिलाय. महिनाअखेरीच्या आत गेला नाही तर माळ तुटते. मी वर सांगून पाहिलं, की आता काठी घेऊ. ते म्हणतात, बाकी सगळे फोटो व्यक्तीत आहेत, शेवटचा काठीत घेतला तर जुळणार नाही. तपासणीवाले नाकारतील."

भाऊजी खिडकीकडे वळून बसले.

"म्हणजे तीच उंची हवी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी तिच्याकडे बघत बसले. ही परकी मुलगी किती सहज रडतेय, याचं मला नवल वाटलं. थोडा हेवाही वाटला.

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, "तुटू दे."

मी म्हटलं, "काय तुटू दे?"

"माळ."

मी त्या दिवशी जास्त बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी दोरा-बटणं आणायला निघाले, तर नदीच्या रस्त्याला भराववाल्याचे ट्रक कडेला लावून ठेवलेले. रिकामे नव्हते, भरलेले होते. विटांचे तुकडे, फुटक्या संडासाची भांडी, दाराच्या चौकटी. अजून करार संपला नव्हता आणि हा पंगतीच्या आधीच पान मांडून बसला होता. भराववाला स्वतः चाकाला टेकून उभा होता. मला बघून म्हणाला, "बहिणीचं ऐकलं. वाईट झालं." ते त्याने मनापासूनच म्हटलं असेल, मी त्याला खोटं म्हणत नाही. पण मागे तो राडारोडा आणि पुढे हे वाक्य, मला ते दोन्ही एकत्र सहन झालं नाही. मी बटणं न आणताच फिरले आणि तडक भाऊजींकडे गेले.

"उठा," मी म्हटलं. "मी उभी राहते."

"स्केल तेच लागतं."

"मी तिची सख्खी बहीण आहे. याहून तेच कुठून आणणार? दोन बोटं उंच आहे, गुडघ्यात वाकते."

"नको, छोटी."

"भाऊजी, ती इतकी वर्षं पावसापाण्यात जाऊन तिथे उभी राहिली. हौस म्हणून? तुम्ही खुर्चीतून उठावं म्हणून उभी राहिली ती. आणि तुम्ही परत त्याच खुर्चीत बसलात. ते ट्रक बघून या जरा रस्त्यावर. तिने मोजलेलं सगळं उद्या ते राडारोड्याखाली घालतील."

मी एवढं ओरडले की शेजारच्या घराची खिडकी उघडली. भाऊजी खिडकीबाहेरच बघत राहिले. मला वाटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी. मी चपला घालत होते तेव्हा मागून आवाज आला, "जॅकेट आतल्या खोलीत आहे. दाराच्या मागे."

जॅकेट मला बाह्यांत बरोबर बसलं, पण लांबीला आखूड. खालची शिवण बघितली तर माझीच. ताईने ते दोनदा माझ्याकडून आखूड करून घेतलं होतं. दुसऱ्यांदा मी म्हटलं होतं, "कापड धुतल्यावर आटतं ताई, वाढत नाही." ती म्हणाली होती, "तू गप शिव." खिशात खोकल्याच्या गोळीचा कागद होता. मी तो तिथेच राहू दिला.

ढगाळ दिवस होता. पाणकणीस एवढं दाट झालं होतं की पलीकडची नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. कुठले तरी काळे पक्षी आत डुबक्या मारत होते. भाऊजींनी खुंटावर कॅमेरा बसवला, काच पुसली, पट्टी बघितली. हात नेहमीसारखे चालत होते. मी गमबूट घालून घोटाभर पाण्यातून गवतापाशी गेले. ताई उभी राहायची ती जागा शोधावी लागली नाही, तिथे गवतच उगवलेलं नव्हतं. दोन पावलांपुरतं मोकळं पाणी. मी तिथे उभी राहिले, पाठ भाऊजींकडे केली.

"खाली हो," ते ओरडले.

मी गुडघे वाकवले.

"अजून. तू चार-पाच बोटं वर येतेयस."

"मी दोनच बोटं उंच आहे!"

"रेघेच्या वर येतेयस, छोटी. चांगली वर."

मला राग आला. फोटो काढायचा नाही म्हणून हा माणूस निमित्तं शोधतोय, असं वाटलं. मी पाय आपटला. चिखलात पाय आपटला तर तो रुततो, पण माझा पाय वाजला. खाली कडक काहीतरी होतं. मी बुटाच्या टोकाने चाचपलं, मग वाकून पाण्यात हात घातला. फरशी. तिच्याखाली आणखी एक. आणि तिच्याखाली आणखी एक, ती खालची गवताच्या मुळांत पार गुंतून गेलेली.

वरची एक मी उचलून धरली. राखाडी, कडेला निळी रेघ. मागच्या दारच्या नळाखालची.

भाऊजी बूट न काढता पाण्यात आले. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग खाली बसून बाकीच्या दोन उपटून काढल्या. खालचीची मुळं तुटताना आवाज झाला.

"फुटल्या म्हणाली होती," ते म्हणाले.

मला तेव्हा सगळं एकदम कळलं. कळलं म्हणजे डोक्यात गणित सुटावं तसं सुटलं. आखूड केलेलं जॅकेट. एकीमागून एक गेलेल्या फरश्या. दोन वर्षं तिचा कणा आतून खचत होता आणि ती बुटकी होत होती, आणि तिला ते ठाऊक होतं. तिने तसंच राहू दिलं असतं तर फोटोत गवत उलट जास्त उंच दिसलं असतं, कंपनी खूश झाली असती. पण मग माथा रेघेला लागला नसता आणि भाऊजींनी कॅमेऱ्यातून मान वर काढून तिच्याकडे नीट बघितलं असतं. तेच तिला नको होतं. म्हणून जरा खचली की घरातली एक फरशी काढून आणायची, पायाखाली घालायची आणि रेघेला लागायची.

"मी दर वेळी म्हणायचो, ताठ उभी राहा," भाऊजी म्हणाले.

"ती राहायची ना."

"राहायची."

मला ताईचा संताप आला. ती समोर असती तर मी तिला बदडली असती. एवढं सगळं एकटीने गिळलं आणि आम्हाला विनोद करू दिले, माझ्याकडून जॅकेट आखूड करून घेतलं आणि वर म्हणाली, गप शिव. संताप आला आणि त्याच्यामागून रडू येईल म्हणून मी वाट बघितली. आलं नाही. पाय गार पडले होते, एवढंच कळत होतं.

भाऊजींनी फरश्या काठावर नेऊन ठेवल्या, एकीवर एक. मग खुंटापाशी गेले. मला वाटलं, आता कॅमेरा काढून पिशवीत घालतील आणि घरी चला म्हणतील. ते काचेला डोळा लावून उभे राहिले.

"आता तुझे गुडघे जरा वाकव," ते म्हणाले. "थोडे. बास. खांदे पाड. ती पाडायची शेवटी शेवटी."

मी खांदे पाडले.

"डावा अजून."

मी डावा अजून पाडला. मला ते दिसत नव्हते, समोर नुसतं गवत होतं, माझ्या माथ्यावर आणखी बरंच वर गेलेलं. मी त्यातली कणसं मोजत राहिले. मग कॅमेऱ्याचा आवाज झाला. एकदाच.

संध्याकाळी फोटो पाठवताना स्क्रीनवर नेहमीचे प्रश्न आले. जागा तीच आहे का? होय. दिशा तीच आहे का? होय. स्केल तेच आहे का? भाऊजींचं बोट तिथे थांबलं. मी शेजारी बसले होते. बोलण्यासारखं जे होतं ते सकाळी ओरडून झालं होतं.

"उंची तीच आहे," ते शेवटी म्हणाले. मला नाही, स्क्रीनला. आणि होयवर बोट ठेवलं.

फोटो मान्य झाला. अहवालात छापून आलं, पावणेदोन व्यक्ती. पैसे आले, पूर्वेच्या तुकड्याचं खरेदीखत झालं आणि भराववाल्याने ट्रक दुसरीकडे नेले. भाऊजींना त्या जागेवर राखण करायचं कायमचं काम मिळालं. कार्यालयाने त्यांना नवीकोरी लाल-पांढरी काठी पाठवली, आता त्या शीर्षाखाली तरतूद झाली म्हणे. ती त्यांनी मागच्या दाराला टेकवून ठेवलीय. फरश्या घासून पुन्हा नळाखाली बसवल्या, स्वतःच्या हाताने, गवंड्याला न बोलावता. पण पाय त्यांच्यावर देत नाहीत. अजूनही बाजूच्या चिखलातूनच जातात आणि अजूनही मीच पुसते.

विमा कंपनीला या कामाचा फार अभिमान. तिने पूर्वेच्या तुकड्याच्या कडेला मोठा फलक लावला आणि त्यावर तो शेवटचाच फोटो छापला, कारण त्यात गवत सगळ्यात उंच आहे. गल्लीतले लोक येऊन मला सांगायला लागले, "ताईचा फोटो काय सुरेख आलाय हो, अगदी समोर उभी असल्यासारखी." मी "हो ना" म्हणायची. भाऊजीही कुणाला काही बोलले नाहीत. त्यांचं तसंही कुणाला नवल वाटलं नाही. स्वतःची पाठ बघायला कशाला जायचं, म्हणून मी कित्येक दिवस तिकडे फिरकले नाही.

परवा नदीपलीकडे पडदे पोचवायचे होते म्हणून सायकलने त्या रस्त्याला गेले. वळणावर आले आणि समोर ताई उभी होती. गवताकडे तोंड करून, एक खांदा जरा पाडून, गुडघ्यात किंचित वाकून. अशी ती ओट्यापाशी उभी राहायची, अशी नळापाशी, अशी माझ्या दुकानाच्या दारात, मी दार उघडायच्या आधी. मी आयुष्यभर बघितलेली पाठ ती. आपली स्वतःची पाठ आपण कधी बघत नाही, ती कशी दिसते हे आपल्याला ठाऊकच नसतं. मी ओरडले, "ताई, अगं थांब!" भर रस्त्यात, मोठ्याने.

मग मला फलकाचे खांब दिसले.

पडदे कुठे पडले, सायकल कुठे पडली, माझं लक्ष नव्हतं. मी कडेच्या दगडावर बसले आणि एकदाची रडले. लहानपणी गर्दीत हरवल्यावर रडतात तशी, तोंड उघडं टाकून.

भाऊजी राखणीवर होते. ते रस्ता ओलांडून आले, आधी सायकल उचलून झाडाला लावली, पडद्यांवरची धूळ झटकली आणि मग माझ्या शेजारी बसले. मला गप बस म्हणाले नाहीत. माझं रडू ओसरल्यावर म्हणाले, "वळणावरून तसंच दिसतं. मी रोज तिकडूनच येतो."